‘माझंच’मधला ‘च’

“बरं झालं! हवीच होती तिला एक!”

टीव्हीच्या पडद्यावर नायकाचा हात खाली आला, त्याची बायको, ती रडकी, कोलमडून पलंगाच्या कडेला पडली, आणि इकडे आईने मांडीवरच्या परातीत मटारची शेंग अशी काही फोडली की दाणे टणाटण फरशीवर उडाले. धाकटी तर सोफ्यावर उभीच राहिली! “आई, त्याच्या डोळ्यांत बघ गं, पाणी आलंय! मारल्यावर त्यालाच किती त्रास होतोय बघ!” वाटीभर साखर मागायला आलेल्या आणि मालिका सुरू होताच रिकाम्या वाटीसकट बैठक मारून बसलेल्या समोरच्या काकूंनी मान हलवली. “पण काय बाई तरी ही रडकी! आणि आवाज कसला तो! कानात डास शिरल्यासारखा!”

सगळ्या खळखळून हसल्या.

वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन दाराशी थबकलेली थोरलीही हसली. हसावंच लागलं... कारण पलंगाच्या कडेला पडून हुंदके देणारा तो आवाज तिचा स्वतःचा होता!

मालिका परभाषेतली होती आणि आपल्या भाषेत आवाज चढवून रोज संध्याकाळी दाखवली जात होती. कॉलेजात नाटकात कामं केली होती, तेवढ्या पुण्याईवर थोरलीला डबिंगचं हे काम मिळालं होतं. रडकीचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीतला, थरथरता. घरात कुणाला तो ओळखू येण्याचं कारण नव्हतं. घरी सांगू, सांगू म्हणत असतानाच आईने त्या बाईचं नाव ‘रडकी’ ठेवून टाकलं, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. “साबणाच्या, रंगाच्या जाहिराती करते,” एवढंच घरच्यांना ठाऊक.

खरं तर ती मालिकाच लबाड होती! नायकाच्या प्रत्येक फटक्यामागे त्याचं करपलेलं बालपण दाखवलं जाई, हळवं व्हायोलिन वाजे, तो पावसात भिजत एकटा उभा राही. आणि ती? तिच्या वाट्याला ना मलम, ना व्हायोलिन! तिने उत्तर दिलं की ती उद्धट, गप्प बसली की ती घुमी, रडली की रडकी, आणि उंबरठ्यापर्यंत गेली की घरमोडी! धाकटीने तर नायकाचं नाव ‘वाघ’ ठेवून त्याच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन गटच काढला होता, ‘वाघाची टोळी’. त्यात रोज शेकडो माणसं लिहीत, की हिनेच त्याला असं केलं, हिने एकदा पाय धरून माफी मागावी, मग बघा तो कसा सोन्यासारखा वागतो.

सोन्यासारखा... हाच शब्द आई आपल्या जावयासाठी, थोरलीच्या नवऱ्यासाठीही वापरायची.

“शनिवारी तुला न्यायला येतोय तो,” काकू गेल्यावर आई हलक्या आवाजात म्हणाली. “मी हो म्हटलंय. आता फाटे फोडू नकोस. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आलीस ती इथेच राहिलीस. विचारलं तर म्हणे, पटत नाही! पटत नाही म्हणजे काय गं? संसारात थोडंफार व्हायचंच. तुझ्याच जिभेला हाड नाही, लहानपणापासून. तोंडाला तोंड देतेस, मग पुरुष चिडतो.”

“आई, मी...”

“तुझ्या बाबांनी शेवटचा घोट त्याच्या हातचा घेतलाय!” आईचा स्वर एकदम कातर झाला. “मी औषधाला धावले होते, तू पोरीला झोपवत होतीस... तो उशाशी होता. त्याने पाणी पाजलं, आणि हे त्याच्याकडे बघून हसले गं! मुलगी चांगल्या हातात दिली, एवढं समाधान घेऊन गेला माझा माणूस. आता तेही पुसून टाकणार आहेस का?”

थोरलीच्या ओठांपर्यंत आलेलं सगळं पुन्हा मागे फिरलं. तो हात! बाबांच्या ओठांना पेला लावणारा तो हात आदल्याच रात्री, पाहुण्यांच्या खोलीचं दार लावून घेऊन, तिच्या मानेभोवती आवळला गेला होता! पण हे आईला कसं सांगायचं? पन्नाशी उलटलेल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहून दिवस ढकलणाऱ्या बाईकडे तेवढा एकच प्रसन्न क्षण उरला होता, बाबांचं ते शेवटचं हसू... त्यात विष कालवायचं? नाही. त्यापेक्षा जिभेला हाड नसल्याचा ठपका बरा! त्यापेक्षा निमूटपणे परत जाणं बरं...

तिने बॅग खाली काढली.

“अगं बाई, पुन्हा नळ सोडला हिने!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “काय नाद लागलाय या भिंगरीला! बसल्याजागी उठते आणि नळ सोडते!”

थोरलीची चार वर्षांची लेक भिंगरी, एका जागी म्हणून न ठरणारी, आजीच्या हाताखालून निसटून खोलीत आली आणि पलंगाखाली शिरली. थोरली फ्रॉकच्या घड्या घालत होती. पलंगाखालून फटफट असा आवाज येऊ लागला. तिने वाकून पाहिलं... आणि तिच्या काळजाचा ठोकाच चुकला!

भिंगरी चिंधीच्या बाहुलीला मारत होती. अगदी शांतपणे, न चिडता, मोठ्या माणसांसारखी भुवई उंच करून.

“हवीच होती तुला एक. कशाला उलट बोललीस? तूच चिडवलंस ना त्यांना? आता म्हण, माझंच चुकलं. म्हण!”

“भिंगरी! बाहुलीला का मारतेस गं, राणी?”

“मी नाही मारत. ती रडकी आहे. आजी म्हणते, रडकीला मारावंच लागतं.” आणि मग बाहुलीचे विस्कटलेले लोकरी केस सारखे करत, अगदी समजुतीच्या सुरात तिने विचारलं, “मोठी झाल्यावर मी पण उलट बोलणार नाही हं, आई. मग मला नाही ना मारणार?”

घडी केलेला फ्रॉक थोरलीच्या हातून गळून पडला. आपण आईचं एक हसू जपायला निघालो... आणि आपली लेक मार खायची तयारी करतेय! ती रात्रभर त्या एका वाक्याला घेऊन घरभर फिरत राहिली. बॅग अर्धी भरलेली, तशीच.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिला पोचायला उशीर झाला. काचेपलीकडे डबिंगचे दिग्दर्शक खुर्चीच्या टोकावर बसून चहा पीत होते. सगळे त्यांना ओठमास्तर म्हणत. कारण आवाज गोड आहे की कडू, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे, पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळला नाही तर मात्र ते जेवणसुद्धा सोडत.

“या, रडकीबाई! शनिवारचा महाभाग आहे, पूर्ण तासाचा. आजच संपवून द्यायचाय, वरून फोनवर फोन येतायत. कागद बघा. ऐनवेळी बदलून आलाय.”

तिने कानांवर हेडफोन चढवले, माईकसमोर उभी राहिली आणि कागदावर नजर टाकली. नायक ओरडतो. ती जमिनीवर बसते. त्याच्याकडे मान वर करून म्हणते...

माझंच चुकलं.

अक्षरं डोळ्यांसमोर नाचू लागली. काल पलंगाखालून आलेलं तेच वाक्य! “मूळ मालिकेत हेच आहे का, सर?”

“छे! मूळ बाई विचारते, माझं काय चुकलं? पण चॅनेलवाले म्हणतात, लोक तिच्यावर खवळलेत. कुठलीशी वाघाची टोळी आहे, त्यांनी रान उठवलंय म्हणे, तिने माफी मागितलीच पाहिजे म्हणून. तेव्हा मागायला लावा माफी! आपल्या बापाचं काय जातंय? चला, घेऊ.”

वाघाची टोळी! म्हणजे माझ्याच पाठच्या बहिणीने सोफ्यावर पाय पसरून टाइप केलेला शब्द फिरत फिरत, आज माझ्याच घशात येऊन बसलाय... हसावं की रडावं, तिला कळेना.

काचेपलीकडचा लाल दिवा लागला. पडद्यावर ती परकी बाई खाली बसली, सुजलेली पापणी वर उचलली. थोरलीने श्वास घेतला.

“माझं... च...”

“कट. अडखळलात.”

पुन्हा दिवा. पुन्हा ती पापणी. “माझंच चुक...” घसाच आवळला गेला, अगदी त्या रात्रीसारखा! “कट! अहो, काय झालंय आज?” पुन्हा. आणि पुन्हा. आता शब्द पूर्ण बाहेर पडला, स्वच्छ, सरळ. पण ओठमास्तरांनीच टेबलावर हात आपटला. “जुळत नाही! तो ‘च’ बसत नाही तिथे!”

थोरली चमकली. तिने नजर पडद्यावर रोखली. आणि एकाएकी तिच्या अंगातून वीज सळसळत गेली! ती माईक सोडून काचेजवळ धावली.

“सर, थांबवा ना चित्र. तिथेच! बघा, बघा तिच्या ओठांकडे! ‘माझं’नंतर तिचं तोंड मिटत नाहीये, उघडतंय. केवढं मोठं उघडतंय! तिथे ‘च’ कसा बसेल? तिथे ‘आ’ हवा. ‘का’ हवा. माझं... काय... चुकलं!”

ओठमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. चित्र मागे घेतलं, पुढे सोडलं, स्वतःचे ओठ हलवून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की जणू कुणी हरवलेली किल्ली हातावर ठेवली! “अहो, खरंच की! बाईच्या तोंडात जे नाही ते मी कुठून कोंबू? घ्या! ओठ सांगतात तसंच घ्या! वरून विचारलं तर सांगेन, ‘च’ बसत नव्हता. बसतच नाही तर काय करणार?”

दिवा लागला.

“माझं काय चुकलं?”

तिने विचारलं... आणि तो आवाज रडकीच्या पट्टीत राहिलाच नाही. तो खाली उतरला, तिच्या स्वतःच्या छातीत, जिथे वर्षानुवर्षं तो प्रश्न तोंडात बोळा कोंबून बसवला होता. पडद्यावर त्या बाईने पाठ फिरवली. पाठीला ओठ नसतात. तिथे कागदावर नुसतं ‘हुंदका’ लिहिलेलं होतं. पण थोरलीच्या आतून जे उसळलं ते कागदाला विचारून उसळलं नाही.

“अ... आई!”

तीच! लहानपणी गुडघा फुटला की आधी श्वास आत गिळून, मग तुटक मारलेली ती हाक... काचेपलीकडे चहाचा कप ओठमास्तरांच्या हातात तसाच राहिला. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, “हे राहू दे. याला हात लावायचा नाही.”

शनिवार उजाडला तो घाईतच. आईने पडदे बदलले, जावयाच्या आवडीचं सगळं रांधलं, पुन्हा पुन्हा आरसा पुसला. थोरलीची बॅग दाराशी होती. दोन दिवस तिने ती चार वेळा भरली होती आणि चार वेळा उपसली होती. अजूनही तिचं मन लंबकासारखं हेलकावत होतं. जायचं? आणि भिंगरी? न जायचं? आणि आई?

जावई आला तो भरल्या हातांनी, हसऱ्या तोंडाने. आईसाठी शाल, धाकटीसाठी अत्तर, भिंगरीसाठी तिच्याहून उंच अस्वल. भिंगरीने अस्वलाकडे पाहिलं आणि आईच्या ओढणीत तोंड लपवलं. “लाजते!” आई कौतुकाने म्हणाली. तो सहज जाऊन बाबांच्या खुर्चीत बसला. आईचे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकू आल्या, धाकटीने आवाज वाढवला, आणि महाभाग सुरू झाला. आईने मटारची परात मांडीवर ओढली.

“काय म्हणता जावईबापू, आज रडकी माफी मागणार!” काकू म्हणाल्या.

“मागायलाच हवी,” तो मंद हसला. “हात उचलणं वाईटच हो, काकू. मी त्याचं समर्थन नाही करत. पण बायकांनीही वेळ ओळखावी. माणसाला किती डिवचायचं?”

“अगदी लाखातलं बोललात!”

थोरली भिंतीला टेकून उभी होती. पडद्यावर नायक ओरडला. रडकी खाली बसली. धाकटीने आनंदाने उशी छातीशी आवळली. आता! आता...

“माझं काय चुकलं?”

धाकटी उशीसकट पुढे झुकली.

“हे काय? माफी कुठाय?” धाकटी ओरडली.

आणि मग, पाठमोऱ्या त्या बाईच्या खांद्यांतून फुटल्यासारखी हाक आली, “अ... आई!”

आईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. तिची मान हळूहळू वर झाली... वासरू हंबरल्यावर गाय थबकते तशी ती थबकली होती. “मागे घे,” ती धाकटीला म्हणाली.

“अगं पण पुढे वाघ काय...”

“मागे घे म्हणते ना!”

धाकटीने इंटरनेटवरून लावलेला तो भाग मागे घेतला. पुन्हा तीच हाक. आईने पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीपाशी उभ्या लेकीकडे. “ही हाक... जिन्यावरून पडली होतीस तेव्हा... ही हाक मी मेल्यावरही ओळखीन गं! कुणाचा आवाज आहे हा?”

“माझा, आई.” थोरलीने मान खाली घातली नाही. “पहिल्या दिवसापासून माझाच होता. रडकीचा आवाज मी देते.”

“अगं बाई!” म्हणून काकूंनी तोंडावर पदर घेतला. डासाची आठवण त्यांना बहुधा आत्ताच झाली असावी.

“म्हणजे हे धंदे चाललेत इथे!” जावयाचा आवाज एक पायरी वर चढला, फक्त एक, हसू अजून ओठांवर होतं. “घरात नाटकं पुरली नाहीत, म्हणून आता जगाला ऐकवतेस? मला चिडवायचंच ठरवलंयस का तू?”

भिंगरी ओढणीतून बाहेर आली. रडली नाही, बोलली नाही. बाहुली काखेत मारून तुरुतुरु स्वयंपाकघरात गेली. आणि भरधाव पाण्याचा आवाज येऊ लागला.

“आत्ता कशाला गं नळ सोडलास?” आईने भांबावून हाक मारली.

दारात येऊन भिंगरीने बोट ओठांवर ठेवलं. “श्श... आजी, बाबांचा आवाज मोठा झाला ना, की नळ सोडायचा. आई सोडते. मग तिचं रडणं मला ऐकू येत नाही.”

पाणी पडत राहिलं. टीव्हीवर व्हायोलिन वाजत होतं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

आई उठली. परात कलंडली, दाणे सगळ्या फरशीभर घरंगळले, तिने मागे वळून पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की धाकटीही उशी टाकून उभी राहिली.

“उठा,” ती जावयाला म्हणाली.

“आई, पोरीच्या बोलण्यावर...”

“उठा त्या खुर्चीतून. ती ह्यांची आहे.”

“तुम्हीच म्हणत होता ना, हिच्या जिभेला हाड नाही? अहो, बाबांनी माझ्या हातचं पाणी...”

“ह्यांना कळलं असतं तर तहानेने जीव सोडला असता, पण तो पेला तोंडाला लागू दिला नसता!” आईचा आवाज लोखंडासारखा होता. “माझी लेक इथून जाणार नाही. तुमचं अस्वल घ्या, आणि निघा.”

त्याने धाकटीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. नेहमी कुणीतरी त्याच्या बाजूने हसायचं. आज काकूंनी दार उघडून धरलं होतं! तो गेला. जिन्यावर त्याची पावलं आदळत खाली गेली, तेव्हा कुठे थोरली फरशीवरच बसली, दाण्यांच्या पसाऱ्यात.

आई तिच्यासमोर बसली. जवळ घ्यायचीही तिची हिंमत होईना. “मला का नाही सांगितलंस गं?”

“तुझ्याकडे बाबांचं तेवढं एक हसू होतं, आई...”

“माझ्या हसण्यासाठी?” आईने कपाळ बडवून घेतलं. “आणि मी रोज संध्याकाळी, इथे बसून, तुझ्याच रडण्यावर... हवीच होती म्हणत होते! तू बादली घेऊन दाराशी उभी... देवा! माझंच चुकलं गं बाळा... माझंच!”

आणि इतके दिवस कुठल्याच ओठांवर न बसलेला तो ‘च’ अलगद आपल्या जागी बसला.

मग मायलेकींनी जो टाहो फोडला त्याला कागदही नव्हता, माईकही नव्हता. भिंगरी त्यांच्याकडे पाहत राहिली, एकदा नळाकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि कुणी मारत नाहीये अशी खात्री करून घेऊन दोघींच्या मध्ये घुसली. धाकटी भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होती आणि भराभरा अंगठे चालवत होती. “काय करतेस?” आईने दटावलं. “लिहितेय, की रडकीचा आवाज माझ्या ताईचा आहे, आणि आता ज्याला काय बोलायचंय त्याने आधी माझ्याशी बोलावं!” ती हुंदका देत म्हणाली. “टोळी मोडली, ताई. मी एकटीच वाघीण पुरे आहे!” रडता रडता थोरलीला खुदकन हसू फुटलं.

पुढच्या संध्याकाळी मालिकेच्या वेळेला काकू पुन्हा वाटी घेऊन आल्या, जरा बिचकतच. बॅग दाराशी नव्हती. भिंगरी बाहुलीला मांडीवर घेऊन, तिच्या पाठीवर थोपटत बसली होती. पडद्यावर ती परकी बाई बोलू लागली, आणि सवयीने काकूंच्या तोंडून निघालं, “आता ही सोडून का जात नाही म्हणते मी...”

“गप्प बसा हो जरा!” आईने हात वर केला. तिचा चेहरा उजळून निघाला होता, डोळे भरून आले होते, आणि आवाज सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढा मोठा होता. “ऐकू द्या! माझी लेक बोलतेय!”